पुस्तकांची यादीच नाही, मग शिकवतात काय?

गेल्या वर्षी जुलैत आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला जिन्यात गाठलं. मुलीला डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजनं पाठवलेली यादी घेऊन त्या नुकत्याच नाशिकच्या मेनरोडहून आल्या होत्या. कटर, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, माउंटबोर्ड, फेव्हिकॉल, एचबीपासून सिक्स-बीपर्यंतच्या पेन्सिली. "यात पुस्तक एकही नाही हो," त्या म्हणाल्या. "फी तर लाखांत घेतात. मग शिकवतात काय नेमकं?"

मी स्वतः ग्राफिक डिझाइनचं काम करतो आणि आठवड्यातले दोन दिवस नाशकातल्याच एका डिझाइन कॉलेजात शिकवायला जातो. म्हणजे उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं. पण तेव्हा मी "प्रॅक्टिकल जास्त असतं" असं काहीतरी पुटपुटून सटकलो. तेव्हा राहिलेलं उत्तर आता देतो.

बारावीपर्यंतच्या शिक्षणाची एक ओळखीची चाल असते. सर फळ्यावर शिकवतात, मुलं वहीत उतरवतात, घरी पाठ करतात, परीक्षेच्या आधी 'अपेक्षित' आणतात. प्रश्नाचं उत्तर आधीच कुठंतरी छापलेलं असतं, मुलानं फक्त तिथवर पोचायचं. कला, डिझाइन, वास्तुकला, चित्रपट, नाटक शिकवणाऱ्या विद्यापीठात नेमकी हीच चाल मोडते. तिथं दिल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बाकी जे काही विचित्र दिसतं, म्हणजे रात्र-रात्र जागणं, भिंतीवर चिकटवलेले कागद, मार्कांवरून होणारी भांडणं, ते सगळं इथून सुरू होतं.

या प्रश्नाला तिथं 'ब्रीफ' म्हणतात. एक खरं उदाहरण घेऊ, कारण ब्रीफ कळलं की अर्धं काम झालं.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत आकडा येतो: इतके हजार क्युसेक विसर्ग. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एवढंच सांगितलं की गंगाघाटावर बसणाऱ्या विक्रेत्यांना हा आकडा समजेल असं काहीतरी करा. मुदत चार आठवडे. पोस्टर करा, खेळणं करा, आवाज करा, काहीही करा.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी गणित केलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेक झाले सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. एकानं छान मांडलं: उन्हाळ्यात गावात येतो तसला दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, असे २८ टँकर दर सेकंदाला रिकामे होतायत. पोस्टर सुंदर झालं. दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांना पोस्टरसकट घाटावर पाठवलं. मुलं तोंडं पाडून परत आली. घाटावरच्या कुणालाच ते पोस्टर नको होतं. पूर किती मोठा हे तिथली माणसं कधीपासून गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवत आली आहेत. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. अख्ख्या नाशिकला ही भाषा कळते, वर्तमानपत्रंही तीच वापरतात. आमची मुलं ज्यावर डोकं फोडत होती ते माप नदीच्या मधोमध आधीच उभं होतं!

तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, "सर, ते लोक किती पाणी विचारतच नाहीत. कधी येणार ते विचारतात. टपरी हलवायला माणूस बोलवायचा असतो." तिनं क्युसेकचा नाद सोडला आणि वेळेवर काम सुरू केलं. धरणातून पाणी सुटल्यापासून घाटाला लागेपर्यंत हातात किती अवधी आहे, हे लांबून दिसेल अशी रंगीत झेंड्यांची साधी रचना. शेवटी तिचं काम कच्चंच राहिलं. झेंडे पावसात भिजून दांडीला चिकटत होते. पण प्रश्न 'किती'वरून 'कधी'वर सरकला होता आणि तो तिनं स्वतः सरकवला होता. हे मी फळ्यावर पाच मिनिटांत सांगू शकलो असतो, असं कुणी म्हणेल. खोटं! मलाही ते तिच्याकडूनच कळलं.

असं शिकायला जागा आणि वेळ दोन्ही वेगळ्या लागतात. म्हणून वर्गाऐवजी स्टुडिओ असतो: मोठी टेबलं, पिन टोचता येतील अशा भिंती, आणि चार-चार तासांचे सलग पट्टे. विद्यापीठाच्या हिशेबातही हा फरक धरलेला आहे. एका क्रेडिटसाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचं वजन मोजायच्या एका एककासाठी, व्याख्यानाचा आठवड्याला एक तास लागतो, तर प्रात्यक्षिकाचे दोन. बाहेरच्या माणसाला स्टुडिओत शिरल्यावर वाटतं की इथं कुणी शिकवतच नाहीये. एक जण कापतोय, दोघं चहाला गेलेत, एक खिडकीबाहेर बघतोय, शिक्षक एका टेबलाशी स्टूल ओढून बसलेत. शिकवणं म्हणजे हे स्टूल ओढून बसणंच. शिक्षक मुलाच्या चित्रावर बटरपेपर टाकतो, त्यावर चार रेघा मारतो, "हा जिना इकडे आणला तर?" असं विचारतो, स्वतःच नाक मुरडतो, पुन्हा मारतो. डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकानं १९८३ मध्ये आर्किटेक्चरच्या स्टुडिओतलं असं एक संभाषण बारकाईनं मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं की जाणकार माणूस आधी विचार आणि मग काम असं करत नाही, तो हातानं करता करता विचार करत असतो. रेघ मारली की कागद काहीतरी परत सांगतो, त्यावर पुढची रेघ ठरते. ते ऐकायला शिकायचं असेल तर ऐकणाऱ्या माणसाच्या शेजारी बसावंच लागतं. गाण्यातली तालीम ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही.

मात्र तालमीत आणि विद्यापीठात एक मोठा फरक आहे. येवल्यात पैठणीच्या मागावर बसणारा मुलगा घरातल्यांकडून शिकतो तेव्हा 'बरोबर' कसं दिसतं हे पिढ्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. मोर असा विणायचा, काठ असा. विद्यापीठ त्याच मागापाशी मुलाला उभं करून विचारतं, असाच का? कधी त्यातून काहीतरी नवं निघतं. पुष्कळदा काहीच निघत नाही, आणि मुलाला माग धड चालवताही येत नाही. ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. १९१९ साली जर्मनीतल्या वायमारमध्ये वॉल्टर ग्रोपियसनं बाउहाउस ही शाळा काढली तेव्हा यावर एक तोड काढली होती. प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू, एक चित्रकार आणि एक कारागीर. १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली शाळा बंद पडली, पण ती कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे दुसरा गुरू असतो तो वर्कशॉपमधले मामा. सागवानाला कुठल्या दिशेनं रंधा मारायचा, कुठल्या गोंदाला किती वेळ द्यायचा, हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांचं नाव माहितीपुस्तिकेत कुठंच नसतं, हे मला दरवर्षी खटकतं.

बाउहाउसकडून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे पहिलं वर्ष, ज्याला फाउंडेशन म्हणतात. पालक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथंच, कारण या काळात मुलं 'उपयोगाचं' काहीच करत नाहीत. कागद दुमडतात, रेघा मारतात, राखाडीच्या वीस छटा रंगवतात. बाउहाउसमध्ये जोसेफ आल्बर्स नावाचा शिक्षक मुलांना वर्तमानपत्राचे कागद द्यायचा आणि म्हणायचा, यातलं काही वाया न घालवता काहीतरी करा. मुलं किल्ले, बोटी, प्राणी बनवायची. त्याला आवडायचा तो नुसता उभा दुमडून ठेवलेला कागद. बाकीच्या गोष्टी कशाच्याही झाल्या असत्या, पण एवढासा कागद नुसत्या घडीवर उभा राहतो हा कागदाचा स्वतःचा गुण. फाउंडेशन म्हणजे जे बघतोय असं आपल्याला वाटतं ते खरंच बघायला लावणं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेल्या मुलांना इथं सगळ्यात जास्त त्रास होतो. त्यांना डोंगर, नारळ आणि सूर्य पाठ झालेले असतात.

योगायोग असा की त्याच १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं. तिथं नंदलाल बोसांनी मुलांना स्टुडिओबाहेर काढलं, झाडाखाली बसवलं, आसपासच्या खेड्यांतले कारागीर दाखवले. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय त्याआधीचं, १८५७ सालचं. नाशिकचे दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. पहिला चित्रपट काढण्यापूर्वी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि त्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करत राहिले. पडद्यावर अंकुर सरसर वर येताना बघून पैसे लावायला माणूस तयार झाला. मला या गोष्टीत सिनेमापेक्षा त्यामागचे ते दिवस जास्त आवडतात. रोज तेच रोप, तोच कोन, आणि आज कालपेक्षा काय वेगळं दिसतंय याची वाट बघणं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. माझ्या मुलांना मी तिथं नेतो तेव्हा वाटाण्याचीच गोष्ट सांगतो.

आता जूरी. या शब्दानं मुलांची झोप उडते. काम भिंतीवर लावायचं, समोर उभं राहायचं आणि तीन-चार शिक्षक, त्यातला एखादा बाहेरून आलेला, सगळ्यांदेखत त्यावर बोलणार. मधल्या टप्प्यावरच्या हलक्या चर्चेला क्रिट म्हणतात, शेवटची ती जूरी. ही चाल पॅरिसच्या जुन्या कलाशाळेतून आली. तिथं परीक्षक बंद दाराआड बसून निकाल लावत. नंतर दार उघडलं आणि निकालाऐवजी चर्चेवर भर आला. निदान यावा अशी अपेक्षा आहे.

चांगली जूरी कशी असते? ती 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' हे दोन शब्द वापरत नाही. ती विचारते, हे असं का केलंस, दुसरं काय काय करून पाहिलंस, ते का सोडलंस. ऐकणाऱ्या बाकीच्या तीस मुलांना आपल्या कामातला तोच दोष दुसऱ्याच्या भिंतीवर दिसतो, आणि तिथं तो पुष्कळ स्पष्ट दिसतो. वाईट जूरी मी स्वतः भोगली आहे. मी शिकत होतो तेव्हा, दुसऱ्या शहरात, एका परीक्षकांनी माझं मॉडेल टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवलं आणि "पुढचा" एवढंच म्हणाले. त्यातून मी एकच गोष्ट शिकलो, पुढच्या वेळी सुरक्षित काहीतरी करायचं. म्हणजे जूरी ज्यासाठी असते त्याच्या नेमकं उलट.

आणि भाषेचं काय? याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून थोडं थांबतो. आमच्याकडे निफाड, दिंडोरी, कळवणकडून मुलं येतात. हात उत्तम, नजर तीक्ष्ण, शिक्षण मराठीतून. जूरी मात्र इंग्रजीत चालते. एका मुलानं द्राक्षांसाठी खोका केला होता. त्याला इंग्रजीत विचारलं, याची कल्पना कुठून आली, तर तो दोन वाक्यं बोलून गप्प झाला. बाहेरून आलेल्या मॅडमनी 'विचार उथळ' असं लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, मराठीत सांग रे. मग तो वीस मिनिटं थांबला नाही. द्राक्षावरचा पांढरट थर बोट लागलं की पुसला जातो आणि माल जुना दिसतो, घड देठानं उचलावा लागतो, म्हणून खोक्याला बाजूनं हात घालायला जागा ठेवली आहे, आमच्या बाया दिवसाला किती पेट्या भरतात, त्यांची मनगटं कशी दुखतात. त्याचा विचार उथळ नव्हताच, आम्ही ज्या भाषेतून तो बाहेर काढू पाहत होतो ती त्याची नव्हती. मॅडमनी लिहिलेलं खोडलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मग मार्क कसे देतात? काकूंचा हा पुढचा प्रश्न होता, आणि त्यात थोडा संशयही होता. सगळं मनावर असेल तर वशिला चालत असणार, असा. मनावर नसतं, पण मोजपट्टीही नसते. लंडनच्या कलाविद्यापीठात, जे तिथल्या जुन्या कलाशाळा एकत्र येऊन बनलं आणि २००४ मध्ये विद्यापीठ झालं, पाच निकष धरतात: शोध, ज्ञान, प्रक्रिया, संवाद आणि प्रत्यक्ष सिद्धी. आपल्याकडच्या चांगल्या संस्थांतही नावं बदलून साधारण हेच असतं. झेंडेवालीचं काम यावर धरून बघा. शोध उत्तम, प्रक्रिया उत्तम, सिद्धी कच्ची. टँकरवाल्याचं पोस्टर सिद्धीला अव्वल, शोधाला बेताचं. तिला जास्त मार्क मिळाले आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या पोस्टरची वर्गात सगळ्यांनी तारीफ केली होती, त्यामुळे त्याचा राग मला समजतो.

प्रक्रियेला मार्क द्यायचे तर ती दिसली पाहिजे. म्हणून प्रोसेस बुक. फसलेली चित्रं, फोटो, घाटावरच्या लोकांशी झालेलं बोलणं, खोडलेल्या कल्पना, सगळं त्यात तारखेसह चिकटवायचं. अलीकडे या वहीचं महत्त्व वाढलं आहे, कारण संगणकाला चार ओळी लिहून दिल्या की तो दहा देखणी पोस्टरं काढून देतो. देऊ दे. पण झेंडे दांडीला चिकटले हे त्याला कळणार नाही, त्यासाठी पावसात उभं राहावं लागतं. मुलं पुष्कळदा ही वही शेवटच्या रात्री एकदम बनवतात, आधीच्या तारखा टाकून. आम्हाला ते कळतं. एकाच पेनची शाई असते.

पुस्तकं अजिबात नसतात असंही नाही. कलेचा इतिहास, समाजशास्त्र असतं, आर्किटेक्चरला इमारतीचं बांधकाम आणि स्ट्रक्चरचं गणित, शेवटच्या वर्षी प्रबंध. ते कुठल्याही पदवीसारखंच.

'कॉलेज' आणि 'विद्यापीठ' यातला फरक मात्र कागदोपत्री नसून रोजच्या कामाचा आहे. विद्यापीठाला जोडलेल्या, म्हणजे संलग्न कॉलेजला अभ्यासक्रम वरून येतो. बदल करायचा तर समित्यांची फेरी. शिक्षकाला यंदा वाटलं की सिंहस्थाच्या गर्दीसाठी, वाचता न येणाऱ्या यात्रेकरूंना रस्ता दाखवणाऱ्या खुणांवर सगळं सत्र घालवावं, तर त्याला ते अभ्यासक्रमातल्या कुठल्यातरी घटकात दडवून करावं लागतं. जे. जे. आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे आता अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी त्यांची त्यांना ठरवता येते. स्वातंत्र्य मिळालं की शिकवणं आपोआप सुधारतं असं नाही, पण निदान सबब उरत नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी काय बघावं, हे मला दर उन्हाळ्यात विचारतात. मी म्हणतो, उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका, एखाद्या साध्या बुधवारी संध्याकाळी पाचनंतर जा. स्टुडिओला कुलूप असेल तर समजा. वर्कशॉपमधल्या यंत्रांवर लाकडाचा भुसा आहे का बघा, चकचकीत यंत्र म्हणजे न वापरलेलं यंत्र. आणि स्वागतकक्षातली बक्षीसपात्र कामं सोडून एखादं फसलेलं काम दाखवायला सांगा. जिथं ते दाखवतात आणि त्यावर रस घेऊन बोलतात, तिथं मुलीला घालायला हरकत नाही.

काकूंची मुलगी दिवाळीत घरी आली होती. फराळाला बोलावलं म्हणून गेलो, तर तिची वही टेबलावर उघडी होती. तांबट गल्लीत जाऊन तिनं तांब्या काढायला घेतला होता, पन्नास वेळा, हे त्यांचं ब्रीफ. यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या बोलावण्यावरून आलं होतं. त्यांनी दिलेल्या अहवालावरून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर फिरून त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर आपला लोटा. तो भरलेला असताना कसा तोलतो, रिकामा असताना कसा, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले होते.

मी हे सांगत होतो तोवर काकू चकल्या ठेवून वही उलटत होत्या. "पन्नास वेळा एकच तांब्या," त्या पुटपुटल्या. मग थांबल्या, दोन पानं मागे गेल्या, चष्मा वर सरकवला.

"हा बघ, याचा गळा फार अरुंद झालाय. आत हात जाणार नाही. घासायचा कसा?"

मुलीनं पेन्सिल घेतली आणि समासात तारीख टाकून ते लिहून घेतलं.